एका पिकअपचं क्रोम: रंग का सुटला आणि कसा धरला

गाडी दुहेरी केबिनची, पांढरी पिकअप. मालक तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार, तिशीच्या आतबाहेरचा, जुन्या घरोब्यातला, म्हणून मला काका म्हणतो. माझी सगळी नोकरी कुपवाड एमआयडीसीत पेंट शॉपमध्ये झाली. त्यामुळे ओळखीपाळखीत कुणाच्या गेटचा रंग उडाला तरी फोन मला येतो. या वेळची तक्रार अशी होती: गाडीवरचं सगळं क्रोम काळं करायचं म्हणून त्याने घरीच स्प्रेच्या डब्यांनी काम उरकलं. आधी करडा प्रायमर, वरून सॅटिन, म्हणजे मंद चमकेचा काळा. दिसायला झकास. मग बागेच्या एचटीपी पंपाने, म्हणजे फवारणीच्या जोरदार दाबाच्या पंपाने, गाडी धुतली आणि मागच्या बंपरवरचा रंग सोलून निघाला.

"काका, प्रायमर बी मारलाय, थिनरनं पुसून बी घेतलंय. मग निघतंय कसं? डबाच डुप्लिकेट असणार."

डबा चांगला होता. निघालेला एक पापुद्रा मी उलटा करून पाहिला. प्रायमरची खालची बाजू, म्हणजे जी बंपरला चिकटलेली असायला हवी होती ती, आरशासारखी चकचकीत होती. बोट फिरवलं तर कुठेही खर लागत नव्हती. प्रायमरने क्रोमचा गुळगुळीतपणा हुबेहूब उचलला होता, पकड मात्र कुठेच घेतलेली नव्हती. त्याहून बोलकी गोष्ट बंपरच्या डाव्या कोपऱ्यात होती. तिथलं क्रोम आधीच फुटून गंजलेलं, खडबडीत झालेलं, आणि नेमका तिथेच रंग घट्ट बसलेला. पंपाचा मारा खाऊनही हलला नव्हता. खराब झालेल्या जागी रंग टिकला आणि चांगल्या जागी सुटला, एवढं पाहिल्यावर रंगाच्या डब्याची चौकशी करायची गरज उरत नाही.

क्रोमचा थर किती पातळ असतो हे लोकांना खरं वाटत नाही. शोभेच्या क्रोममध्ये वरचं क्रोमियम साधारण अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहूनही कमी असतं. खाली निकेल असतं, ते 10 ते 30 मायक्रॉन, आणि खरी चमक त्या निकेलची. वरचं क्रोमियम निकेलला काळवंडू देत नाही आणि निळसर झाक देतं. क्रोमियमवर हवेतच ऑक्साइडचा एक अतिपातळ, घट्ट पडदा बनतो. तो कशाशी चटकन रासायनिक संबंध जोडत नाही. म्हणून त्यावर गंज धरत नाही, मळ बसत नाही, आणि रंगही बसत नाही. ज्या गुणासाठी क्रोम चढवतात तोच गुण रंगाच्या आड येतो. रासायनिक पकड मिळत नसेल तर यांत्रिक पकड द्यावी लागते, म्हणजे पॉलिश पेपर मारून पृष्ठभागाला खर आणावी लागते, तो खडबडीत करावा लागतो. आपल्या पठ्ठ्याने थिनरने पुसलं होतं, पेपर मारलाच नव्हता. "चकचकीत बंपरला चरे कशाला पाडायचे?" हा त्याचा प्रश्न होता. झाकायचाच आहे तो चकचकाट राखायचा कशासाठी, हा माझा.

गाडीवर क्रोम नेमकं किती जातींचं

मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा भाग हाच वाटतो, आणि घरी रंगवणारे बहुतेक जण तो गाळतात. "क्रोम" म्हणून मालकाने जे जे दाखवलं ते एक साहित्य नव्हतंच. मी लोहचुंबक घेऊन गाडीभोवती फिरलो, सोबत नखाने टिचकी मारत.

मागचा बंपर बाजारातून नंतर बसवलेला, पत्र्याचा. चुंबक खणकन बसला. पुढची जाळी आणि आरशांच्या टोप्या: चुंबक धरत नाही, टिचकीचा आवाज बद्द. म्हणजे एबीएस प्लास्टिकवर चढवलेलं क्रोम. खिडक्यांखालची पट्टी: चुंबक धरतो, पण ही क्रोम नव्हे, स्टेनलेस स्टीलची पट्टी. इथे चुंबक फसवतो, कारण ट्रिमसाठी वापरतात त्यातल्या 430 सारख्या स्टेनलेसला चुंबक लागतो. कडेला कापलेली बाजू पाहिली की कळतं: आतबाहेर एकच धातू, थर कुठे दिसत नाही, गंजाचा ठिपकाही नाही. आणि दाराच्या मुठी? त्यांवर चिकटवलेली गार्निशची, म्हणजे शोभेची, टरफलं होती, दुहेरी टेपवर. खाली कंपनीच्या मूळ मुठी, गाडीच्याच पांढऱ्या रंगात, शाबूत.

मुठींचं काम तिथेच मिटलं. हेअर ड्रायरने टेप गरम केली, मासे धरायची नायलॉनची दोरी मागून करवतीसारखी ओढली, टरफलं हातात आली. चिकट राहिलेलं रॉकेलने पुसून साबणपाण्याने धुतलं. ज्या मुठींवर त्याने दोन डबे खर्च केले होते त्यांना रंगाची गरजच नव्हती. तशीही मूठ रंगवू नये असं माझं मत आहे. अंगठी, किल्ल्या, नखं, दिवसातून पन्नासदा हात. कुठलाच घरगुती रंग तिथे तग धरत नाही.

खिडकीची स्टेनलेस पट्टीही मी वगळली. ती जागेवर ठेवून घासायची तर शेजारी काच, रबर आणि दाराचा रंग. काढायची तर क्लिपा तुटतात. मालक हिरमुसला, कारण त्याला गाडी "फुल ब्लॅक" हवी होती. तिच्यावर काळी व्हिनाइल पट्टी लाव म्हटलं, मिरजेत गाडीचं रेडियम काम करणारे लावून देतात. तेवढ्यावर तो राजी झाला.

उरला बंपर, जाळी आणि आरशांच्या टोप्या.

बंपर आतून का सडला

डाव्या कोपऱ्यातला गंज मला सरळ वाटेना. मालकाचं म्हणणं, "गाडी कधी समुद्रावर गेली न्हाई, मग गंजली कशानं?" प्रश्न रास्त होता, कारण क्रोमला सर्वांत जास्त खातं ते मीठ. बंपरच्या खालच्या वळणावर, जिथे धुताना हात जात नाही, तिथे निळसर-हिरवट सुकलेले ओघळ होते आणि त्यांच्या टोकाला तांबूस डाग. बागायतदाराला हा रंग ओळखायला सांगावा लागत नाही. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट.

ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक जातं: एक टक्क्याचं करायचं तर 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. मोरचुदाचं पाणी वेगळ्या पिंपात विरघळवतात, आणि ते पिंप या पिकअपच्या हौद्यात डाव्या बाजूला उभं करून बागेत नेत असत. रस्त्याच्या खड्ड्यांनी जे उसळायचं ते फाळक्यावरून थेट बंपरच्या कोपऱ्यावर.

आता हे बघा. मिश्रण नीट झालं की नाही हे पाहायला शेतकरी त्यात लोखंडी विळा किंवा खिळा बुडवतो. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून टाका. तो तांबूस थर म्हणजे तांबंच असतं: द्रावणातलं तांबं लोखंडावर बसतं आणि त्या बदल्यात लोखंड विरघळून जातं. म्हणूनच मोरचूद लोखंडी पिंपात कुणी कालवत नाही. बंपरवर चुना न मिसळलेलं, नुसतं मोरचुदाचं पाणी पडत होतं. क्रोम-निकेलच्या थरात बारीक छिद्रं आणि भेगा असतातच; स्वस्त बाजारी बंपरला निकेल पातळ, म्हणजे छिद्रं जास्त. त्यातून पाणी पत्र्यापर्यंत पोचलं, तांबं बसलं, आणि तांबं-लोखंड शेजारी शेजारी ओले राहिले की लोखंड अधिक वेगाने गंजतं. गंज फुगतो, वरचा थर उचलतो, फोड येतो. मालकाला खिळ्याचा दाखला दिला तेव्हा तो लगेच म्हणाला, "म्हणजे मी बंपरवर रोज टेस्टच घेत होतो की!"

पिंपाची जागा बदलल्याशिवाय रंगकामाला अर्थ नव्हता. झाकणाचं पिंप आणि हौद्याच्या पुढच्या टोकाला, केबिनच्या पाठीला टेकवून, एवढाच बदल सुचवला.

काय करायचं ठरलं

पुन्हा क्रोम चढवून घेणं हा मार्ग होता, पण खड्डे पडलेल्या पत्र्याला आधी जुना थर उतरवून, घासून, पॉलिश करून मगच प्लेटिंग करता येतं. बाजारी बंपरसाठी ते परवडत नाही. त्यापेक्षा नवा बंपर आणलेला बरा. पावडर कोटिंग कुणीतरी सुचवलं होतं. ती भट्टीत 180 ते 200 अंशांना पिकते. बंपरला चालेल, पण एबीएस 100 अंशांच्या आसपासच नरम पडतं, जाळी वाकडी होऊन बाहेर येईल. आणखी एकाने बाथरूमच्या ॲसिडने क्रोम उतरवायचा सल्ला दिला होता. हायड्रोक्लोरिक ॲसिडने क्रोमियम उतरतं, हे खरं आहे. पण त्याच्या वाफा फुप्फुसात जातात, शेजारच्या हत्यारांना गंज चढतो, आणि उरलेलं हिरवं पाणी ओढ्यात ओतण्याशिवाय दुसरी सोय नसते. घरी हा उद्योग करूच नये. "क्रोम विषारी असतं ना?" हेही विचारलं गेलं. प्लेटिंगच्या हौदात असतं ते हेक्साव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक आहे. बंपरवर बसलेला थर धातूचा, तो तसा नाही. तरी मी कोरडं ग्राइंडिंग करू दिलं नाही. सगळं घासकाम पाण्यात.

ठरलं ते असं: घासून खर आणायची, दोन भागांचा (ऐन वेळी हार्डनर मिसळायचा) इपॉक्सी प्रायमर, वरून साधा एकाच भागाचा ॲक्रिलिक सॅटिन काळा. पीयू (पॉलीयुरेथेन) रंग जास्त कणखर, यात वाद नाही. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासातून गेलं तर दमा जडू शकतो, आणि आपल्याकडे गॅरेजमध्ये लोक तोंडाला रुमाल बांधून ते मारतात. घरच्या अंगणात, पोरंबाळं फिरत असताना, ते मला नको होतं. इपॉक्सीच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नसतं. कातडीला मात्र लागू द्यायचं नाही, आणि वाफांसाठी कार्बनच्या डब्यांचा मास्क हवाच. दुसरं, ही कामाची गाडी आहे. क्रेट घासणार, ओरखडे येणार. ॲक्रिलिकवर ओरखडा आला तर घासून त्याच डब्याने जागच्या जागी दुरुस्त होतो.

कायद्याचीही शंका त्याने काढली. आरसीवर बॉडीचा रंग नोंदलेला असतो, ट्रिमचा नाही. तेव्हा बंपर काळा केल्याने तिथे अडत नाही. मागच्या लाल परावर्तक पट्टीवर आणि रिफ्लेक्टरवर रंगाचा थेंबही जाता कामा नये, एवढं पाहायचं. पुढे लोखंडी गार्ड बसवायचं त्याच्या डोक्यात होतं, ते मात्र काढून टाकायला लावलं. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच असल्या गार्डांवर कारवाई करायला राज्यांना कळवलं आहे.

काम

द्राक्षाची उन्हाळी खरड छाटणी उरकली होती, गाडीला उसंत होती. जागा म्हणून मालकाने बेदाण्याचं शेड दाखवलं: मोकळं, उंच, शेडनेटची सावली, हवा खेळती. पाहताक्षणी कुणालाही आवडेल असं. मी नको म्हटलं. बेदाण्याला द्राक्षं बुडवतात त्या डिपिंग ऑइलमध्ये इथाइल ओलिएट असतं. त्याचे तेलकट शिंतोडे वर्षानुवर्षं जाळ्यांवर, खांबांवर, जमिनीवर बसलेले. रंगाच्या ओल्या थराला असं तेल भेटलं की रंग मागे सरकतो आणि गोल खड्डे पडतात, माशाच्या डोळ्यासारखे. त्यापेक्षा घरामागचं ट्रॅक्टरचं पत्र्याचं शेड निवडलं. खाली पाणी शिंपडून धूळ बसवली. वेळ सकाळची, ऊन चढायच्या आत. मे महिन्यात सांगलीत दुपारी पत्रा हाताला चटका देतो. गरम पत्र्यावर रंगाचे कण पोचण्याआधीच सुकतात आणि भुकटीसारखे बसतात. आणि दुपारनंतर वळवाचा भरवसा नाही.

बंपर गाडीवरून उतरवला. नंबर प्लेटचा दिवा, रिफ्लेक्टर, बोल्ट वेगळे. साबणाने धुऊन वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसायचं, तेही दोन फडक्यांनी: ओल्याने उचलायचं, सुकायच्या आत कोरड्याने टिपायचं. एकच फडकं फिरवत बसलं तर तेल नुसतं इकडचं तिकडे होतं. सर्व्हिसिंगला खालून डिझेल मारून घ्यायची सवय होती, ते तेल बंपरच्या घड्यांतून निघता निघेना. स्वच्छ झालं की नाही याची खूण साधी: वरून पाणी ओतायचं. पाण्याचा सलग पडदा टिकला तर ठीक. फाटून थेंब झाले तर अजून तेल आहे. आणि ही सफाई घासण्याच्या आधी. उलटं केलं तर पेपर तेल चऱ्यांत कोंबतो.

गंजलेला कोपरा 80 नंबरच्या पेपरने (नंबर लहान तितका पेपर जाडाभरडा) पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासला. फुटलेल्या क्रोमच्या कडा ब्लेडसारख्या धारदार असतात, म्हणून चामडी हातमोजे. त्या कडा 180 आणि 240 ने उतरत्या केल्या, बोटाला पायरी लागेनाशी होईपर्यंत. मग अख्खा बंपर 320 च्या वॉटर पेपरने. इथे रंग वाचता आला तर काम सोपं होतं. क्रोम निळसर असतं. ते घासून गेलं की पिवळसर झाक दिसते, ते निकेल. चमक कुठेच उरता कामा नये. सगळा बंपर एकसारखा मंद राखी दिसला की झालं. पठ्ठ्याने वरची सपाटी तासाभरात उरकली आणि वळणं, कडा, बोल्टच्या भोकांभोवतीची जागा तशीच चकचकीत सोडली. रंग सुटायला नेहमी तिथूनच सुरुवात होते. त्या जागा त्यालाच पुन्हा करायला लावल्या, दुमडलेल्या पेपरने.

या घासकामाला हात घालण्याआधीच बंपरच्या आतल्या, न दिसणाऱ्या पट्टीवर मी एक चाचणी लावून दिली होती, मुख्यतः त्याची खात्री पटावी म्हणून. एका तुकड्यावर नुसतं पुसून प्रायमर, दुसऱ्यावर हिरवा घरगुती स्क्रबर घासून, तिसऱ्यावर 320 मारून इपॉक्सी. पूर्ण सुकल्यावर ब्लेडने आडव्या-उभ्या रेघा मारून बारीक चौकटी पाडल्या, वर टेप दाबून झटक्यात ओढली. पहिल्या तुकड्याच्या सगळ्या चौकटी टेपबरोबर आल्या. दुसऱ्याच्या कडा उचलल्या. तिसऱ्याच्या रेघा जशाच्या तशा. त्यानंतर त्याने डब्याचं नाव काढलं नाही.

उघड्या पत्र्यावर तासाभरातही गंजाची झाक येते, म्हणून इपॉक्सी घासलं त्याच सकाळी, लहान कंप्रेसर आणि गनने, दोन हात (थर). एच प्रायमर (धातूला ॲसिडने धरणारा प्रायमर) आणि रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचं रसायन) मुद्दाम टाळले. दोन्हींत सहसा फॉस्फोरिक ॲसिड असतं, ते खाली उरलं तर वरचा इपॉक्सी पक्का होत नाही. कोपऱ्यातल्या खड्ड्यांना लांबी (पुट्टी) भरली ती इपॉक्सी सुकल्यावर, त्याच्यावर. थेट क्रोमवर लांबी भरली की तिची गतही पहिल्या रंगासारखीच. लांबी घासून तेवढ्या भागावर पुन्हा एक हात प्रायमर, मग काळा: 20 ते 25 सेंटिमीटरवरून, पातळ, प्रत्येक हातामध्ये दहा मिनिटं. पहिला हात अर्धवट पारदर्शक दिसतो तेव्हा तो घाबरला आणि जाड मारायला निघाला. ओघळ येतात ते त्याच क्षणी.

जाळीचं आणि टोप्यांचं काम वेगळं. एबीएसवरही आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम असतं, त्यामुळे खाली प्लास्टिक असलं तरी रंगाला भेटतो तो धातूच. प्लास्टिकवर रंग धरावा म्हणून मारतात ते ॲडहिजन प्रमोटर तिथे कामाचं नाही. फक्त घासणं नाजूक: 400, तेही हलक्या हाताने. गुलाबी झाक दिसली म्हणजे तांब्यापर्यंत पोचलो, थांबायचं. पुसायला थिनर नव्हे, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल). जाळीच्या मागच्या बाजूला एबीएस उघडं असतं आणि कडक थिनर ते खातं. जाळीच्या आडव्या पट्ट्यांमधल्या फटीत गन पोचत नाही, तिथे जाळी गाडीला लावल्यावर जशी दिसेल त्या कोनातून, खालून आणि वरून, आधी कडा आणि मग दर्शनी भाग. कंपनीचं बोधचिन्ह त्याने क्रोमचंच ठेवलं. हा निर्णय त्याचा, आणि चांगला.

त्यानंतर

पावसाळा गेला, ऑक्टोबर छाटणीच्या फवारण्या झाल्या. जाळी आणि टोप्या जशाच्या तशा आहेत. बंपरचा डावा कोपराही शाबूत. पिंप पुढे सरकल्यापासून तिथे निळा ओघळ दिसलेला नाही. रंग गेला तो बंपरच्या वरच्या पायरीवर, मधोमध, जिथे माणसं पाय देऊन हौद्यात चढतात आणि क्रेट ओढतात. तिथे काळा झिजून करडा इपॉक्सी दिसतोय, पण इपॉक्सी हललेला नाही. म्हणजे वरचा थर वापराने झिजला, पकड सुटलेली नाही. त्या पायरीवर आता खरखरीत रबरी पट्टी चिकटवायची की हौद्याला मारतात तो जाड दाणेदार लेप मारायचा, यावर आमची चर्चा अडली आहे. माझं मत लेपाचं. पट्टीखाली पाणी साचून राहतं. त्याला पट्टी हवी, कारण ती रेडीमेड मिळते.

धुणं तो अजूनही एचटीपीनेच करतो. निदान नोझल हातभर लांब धर आणि बंपरच्या कडेवर आडवा मारा करू नकोस, एवढं त्याने मानलंय.